काढलेली फाइल आणि मोकळी न झालेली जागा : लिनक्स प्रणालीतील फिरत्या संग्रहसाधनांचा विचार

क्षेत्रकार्यातून जमविलेली संशोधनसामग्री पूर्वी वह्या, कार्डे आणि ध्वनिफिती यांच्या रूपाने विभागात येत असे. आता ती बहुतांशी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि बाह्य हार्ड डिस्क या फिरत्या साधनांवरून येते. वही भरली की दुसरी घ्यावी लागते, हे कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु पेनड्राइव्ह 'भरला' म्हणजे नेमके काय झाले, आणि त्यावरील फाइल 'काढली' म्हणजे नेमके काय नाहीसे झाले, याविषयी सुशिक्षित वापरकर्त्याच्या मनातही पुष्कळदा संदिग्धता असते. ही संदिग्धता केवळ तांत्रिक नव्हे. तिच्यापायी जागा असून नसल्यासारखी होते, हवी असलेली सामग्री हातची जाते, आणि जी नाहीशी झाली असे समजावे ती परक्याच्या हाती पडते. विद्यापीठीय विभागांतून लिनक्स प्रणालीचा वापर होत असल्यामुळे त्या प्रणालीच्या संदर्भात हा विषय स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक उदाहरण कल्पावे. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर या गावी एक संशोधक विद्यार्थी बोलीच्या अभ्यासासाठी गेला आहे. कापूस पिकविणाऱ्या कुटुंबांतील वृद्ध स्त्री-पुरुषांची निवेदने तो ध्वनिमुद्रित करतो. सेकंदाला ४८,००० नमुने, २४ बिटांची खोली आणि दोन मार्गिका, या प्रतीचे असंपीडित ध्वनिमुद्रण केल्यास सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे तासाला सुमारे १.०४ गिगाबाइट जागा लागते. या हिशेबाने ३२ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर सुमारे ३० तासांचे ध्वनिमुद्रण मावावे. पहिल्या फेरीतील २५ तासांची सामग्री तो संगणकावर उतरवून घेतो, पेनड्राइव्हवरील फाइली काढून टाकतो, आणि दुसऱ्या फेरीस निघतो. गावात पोहोचल्यावर मात्र पाच तासांच्या आतच 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येतो. निर्देशिका उघडून पाहावी तर ती रिकामी दिसते. हे कोडे उलगडण्यासाठी 'काढणे' या एका शब्दाखाली दडलेल्या तीन निरनिराळ्या क्रिया वेगळ्या कराव्या लागतात.

१. एका शब्दाच्या तीन क्रिया

पहिली क्रिया स्थलांतराची. पडद्यावरील फाइल-व्यवस्थापकात फाइल निवडून 'डिलीट' कळ दाबली असता ती नाहीशी होत नाही. ती कचरापेटीत, म्हणजे एका निराळ्या निर्देशिकेत जाते. दुसरी क्रिया नामलोपाची. कचरापेटी रिकामी केली, अथवा 'आरएम' ही आज्ञा दिली, म्हणजे निर्देशिकेतील त्या फाइलीचे नाव निघते आणि तिने व्यापलेले खंड 'उपलब्ध' म्हणून नोंदले जातात. तिसरी क्रिया आशयनाशाची. या क्रियेने त्या खंडांतील मजकूर वा ध्वनी प्रत्यक्षात पुसला जातो. पहिल्या क्रियेने जागा मोकळी होत नाही. दुसऱ्या क्रियेने जागा मोकळी होते, पण आशय पुसला जात नाही. तिसरी क्रिया बहुधा आपोआप घडत नाही. ती हेतुतः करावी लागते.

येथे सातबाऱ्याचे उदाहरण उपयुक्त ठरेल. सातबाऱ्यावरील एखाद्या धारकाचे नाव कमी झाले म्हणून शेत नाहीसे होत नाही, आणि शेतातील उभे पीकही त्या क्षणी नष्ट होत नाही. नव्या धारकाचा नांगर त्यावरून फिरेल तेव्हाच जुने पीक जाते. संग्रहसाधनावरही नोंद आणि वस्तू यांचा संबंध असाच आहे. नोंद बदलणे हे क्षणाचे काम, वस्तू बदलणे हे वेळखाऊ काम. म्हणून प्रणाली शक्यतोवर नोंदच बदलते. २० गिगाबाइटची सामग्री 'काढण्यास' तिच्या नकलेच्या मानाने अत्यल्प वेळ लागतो, याचे कारण हेच.

हा भेद नवा नाही. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्यात फाइल नष्ट करण्याच्या मूळ क्रियेस 'अनलिंक', म्हणजे 'दुवा तोडणे', असे नाव आहे. १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सने तीच कल्पना पुढे चालविली. या कल्पनेनुसार फाइलीची खरी नोंद 'आयनोड' नामक कोष्टकात असते आणि निर्देशिकेतील नाव हा त्या नोंदीकडे नेणारा दुवा असतो. एका आयनोडला एकाहून अधिक नावे असू शकतात. शेवटचे नाव तुटेपर्यंत, आणि ती फाइल उघडून बसलेला शेवटचा कार्यक्रम तिला सोडीपर्यंत, खंड मोकळे होत नाहीत.

२. कचरापेटी फिरत्या साधनावरच का?

लिनक्सवरील निरनिराळ्या पटल-प्रणालींनी कचरापेटीची रचना एकसारखी ठेवावी, यासाठी 'फ्रीडेस्कटॉप' या समाईक व्यासपीठावर एक संकेत सिद्ध झाला. त्याचा पहिला मसुदा २००४ सालचा असून १.० ही आवृत्ती २०१४ सालची आहे. या संकेतानुसार वापरकर्त्याच्या स्वतःच्या निर्देशिकेतील फाइलींसाठी एक गृह-कचरापेटी असते. परंतु बाहेरून जोडलेल्या साधनावरील फाइल काढली असता ती गृह-कचरापेटीत न नेता त्याच साधनाच्या मुळाशी एक निर्देशिका निर्माण करून तीत ठेवली जाते. या निर्देशिकेचे नाव टिंबाने सुरू होते, पुढे 'ट्रॅश' हा शब्द आणि संयोगचिन्हानंतर वापरकर्त्याचा क्रमांक असतो. डेबियन, उबुंटू, फेडोरा इत्यादी प्रचलित वितरणांत पहिल्या सामान्य वापरकर्त्याचा क्रमांक १००० असल्याने बहुतेक पेनड्राइव्हवर '.ट्रॅश-१०००' हेच नाव आढळते.

अशी योजना का केली असावी, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर पूर्वोक्त नोंद आणि वस्तू यांच्या भेदातच आहे. एकाच साधनावर फाइल एका निर्देशिकेतून दुसरीत नेणे म्हणजे केवळ नोंद बदलणे. एका साधनावरून दुसऱ्यावर नेणे म्हणजे मात्र सर्व आशयाची नक्कल करणे. पेनड्राइव्हवरील २५ गिगाबाइट सामग्री 'काढताना' ती सर्व संगणकाच्या डिस्कवर वाहून न्यावी लागली असती, तर वेळ आणि जागा यांचा दुहेरी अपव्यय झाला असता. शिवाय साधन दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर काढलेली फाइल परत मिळविण्याची सोयही उरली नसती.

या निर्देशिकेत दोन उपनिर्देशिका असतात. 'फाइल्स' या पहिलीत प्रत्यक्ष फाइली, आणि 'इन्फो' या दुसरीत प्रत्येक फाइलीमागे एक लहान टिपण असते. त्या टिपणात फाइलीचा मूळ मार्ग आणि ती काढल्याचा दिनांक व वेळ नोंदलेली असते. मराठी नावे देणाऱ्यांनी येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. मार्ग लिहिताना रोमनेतर अक्षरे टक्केवारीच्या चिन्हासह सांकेतिक रूपात मांडली जातात, आणि देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट लागत असल्याने त्याच्या जागी नऊ चिन्हांची माळ येते. टिपण उघडून पाहणाऱ्यास आपल्या फाइलीचे नाव त्यात ओळखू येत नाही. म्हणून पुनःस्थापनेचे काम कचरापेटीच्या खिडकीतूनच करणे श्रेयस्कर.

अल्लीपूरच्या उदाहरणातील कोडे आता उलगडते. २५ तासांची सामग्री पेनड्राइव्हवरून गेलीच नव्हती. ती टिंबाने सुरू होणाऱ्या, आणि म्हणून सामान्यतः न दिसणाऱ्या, निर्देशिकेत जाऊन बसली होती. पटलावरील कचरापेटी त्या क्षणी जोडलेल्या साधनांवरील पेट्या एकत्र करून दाखविते. यातून दोन परिणाम संभवतात. साधन काढून घेतल्यावर कचरापेटी रिकामी केली, तर साधनावरील पेटी तशीच राहते. उलटपक्षी दोन साधने जोडलेली असताना ती रिकामी केली, तर दोहोंवरील काढलेल्या फाइलींचा नामलोप एकदमच होतो.

३. जागा अडविणारी अन्य कारणे

कचरापेटी हे मुख्य कारण असले तरी एकमेव नव्हे. साधन अनेकांच्या संगणकांतून फिरत असेल, तर १००१, १००२ अशा क्रमांकांच्या निराळ्या पेट्याही त्यावर तयार होऊ शकतात, आणि त्या दुसऱ्या वापरकर्त्याच्या पटलावर दिसत नाहीत. साधनावर 'फॅट३२' अथवा 'एक्सफॅट' ही रचना असेल तर तीत मालकीची नोंदच नसल्याने त्या पेट्या कोणालाही काढता येतात. 'ईएक्सटी४' ही लिनक्सची स्वतःची रचना असेल तर मालकाचा क्रमांक साधनावर नोंदलेला असतो, आणि इतरांच्या फाइली काढण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो. त्याचप्रमाणे विंडोज प्रणाली बाह्य हार्ड डिस्कवर 'रीसायकल बिन' आणि मॅकओएस प्रणाली 'ट्रॅशेस' या नावाच्या आपापल्या पेट्या ठेवते. लिनक्सच्या दृष्टीने त्या सामान्य निर्देशिकाच असल्यामुळे लिनक्सवरील कचरापेटी रिकामी करून त्या रिकाम्या होत नाहीत.

दुसरे कारण दुरुस्तीचे. साधन अवेळी उपसले गेल्यास फॅट रचनेत काही खंड कोणत्याही फाइलीचे नाहीत, तरीही व्यापलेले आहेत, अशी विसंगती उद्भवते. दुरुस्तीचा कार्यक्रम चालविला असता अशा अनाथ खंडांची साखळी मुळाशी 'एफएससीके' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइलींच्या रूपाने जतन केली जाऊ शकते. त्या तपासून अनावश्यक असल्यास काढाव्यात.

तिसरे कारण राखीव जागेचे. ईएक्सटी४ रचना सिद्ध करताना एकूण जागेपैकी ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखली जाते. प्रणालीची मुख्य डिस्क पूर्ण भरून यंत्र अडू नये, हा त्यामागील उद्देश. केवळ सामग्री साठविण्यासाठी असलेल्या १ टेराबाइटच्या बाह्य डिस्कवर मात्र सुमारे ५० गिगाबाइट जागा विनाकारण अडते. 'ट्यूनटूएफएस' या आज्ञेने हे प्रमाण शून्यावर आणता येते.

चौथे कारण केवळ भासमान आहे. उत्पादक ३२ गिगाबाइट म्हणतो तेव्हा तो हजाराच्या पटीत मोजतो. काही आज्ञा १०२४ च्या पटीत मोजतात, आणि त्यांच्या हिशेबाने तीच जागा २९.८ इतकी भरते. येथे काहीही हरवलेले नसते. केवळ माप निराळे असते.

४. मोजण्याची रीत

जागेचा शोध घेताना दोन आज्ञांचा एकत्र विचार करावा लागतो. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लहान अक्षरांत टंकावयाची असतात. 'डीएफ' ही आज्ञा साधनाच्या एकंदर हिशेबावरून किती खंड व्यापलेले व किती मोकळे, हे सांगते. 'डीयू' ही आज्ञा निर्देशिकांतून फिरून प्रत्येक फाइलीने किती जागा घेतली याची बेरीज करते. पहिली आज्ञा कोठाराच्या खातेवहीसारखी, तर दुसरी पोत्यांच्या प्रत्यक्ष मोजणीसारखी होय. दोहोंच्या आकड्यांत मोठी तफावत असेल, तर तिचे कारण शोधले पाहिजे.

येथे एक चूक वारंवार घडते. 'डीयू'च्या पुढे तारांकन दिले असता टिंबाने सुरू होणारी नावे त्या तारांकनात येत नाहीत, आणि कचरापेटी मोजणीतून वगळली जाते. तारांकनाऐवजी साधनाच्या मूळ निर्देशिकेचे नाव दिले म्हणजे लपलेल्या निर्देशिकाही मोजल्या जातात. 'आरएम'लाही हाच नियम लागू आहे. 'सर्व काढा' अशा अर्थाने तारांकन दिले तरी लपलेली पेटी मागे राहते. फाइल-व्यवस्थापकात कन्ट्रोल आणि 'एच' या कळा एकत्र दाबल्या असता लपलेली नावे दिसू लागतात, ही सोय ग्नोम पटलाच्या वापरकर्त्यांनी लक्षात ठेवावी.

मोजणी पूर्ण करूनही तफावत उरली, तर एखाद्या कार्यक्रमाने नाव तुटलेली फाइल उघडी धरली आहे काय, हे पाहावे. 'एलएसओएफ' या आज्ञेने अशा फाइली दाखविता येतात. तो कार्यक्रम बंद होताच जागा मोकळी होते.

कचरापेटी रिकामी करण्यासाठी पटलाव्यतिरिक्त 'जीआयओ ट्रॅश' ही आज्ञाही आहे. तीच आज्ञा फाइल पेटीत टाकण्यासाठीही वापरता येते. 'आरएम' मात्र पेटीला वळसा घालून सरळ नामलोप करते. तेव्हा जेथे पश्चात्तापाची शक्यता आहे तेथे पहिली, आणि जेथे दुसरी प्रत सिद्ध व तपासलेली आहे तेथेच दुसरी, असा विवेक ठेवावा.

५. चुकून नामलोप झाल्यास

आतापर्यंतचा विचार जागा मोकळी करण्याचा झाला. याच्या उलट प्रसंग अधिक गंभीर असतो. परत न मिळणाऱ्या निवेदनाची फाइल काढली गेली आणि पेटीही रिकामी झाली, असे घडू शकते. वृद्ध निवेदक पुन्हा भेटेलच, याची खात्री कोणी द्यावी?

अशा वेळी पहिला नियम असा की, साधनावर काहीही लिहू नये. आशय अद्याप जागेवर असतो. नव्या लेखनाचा नांगर फिरेल तेव्हा तो जाईल. साधन ताबडतोब प्रणालीपासून विलग करावे. त्यानंतर 'डीडी' अथवा 'डीडीरेस्क्यू' या कार्यक्रमाने संपूर्ण साधनाची तंतोतंत प्रतिमा दुसऱ्या, पुरेशा मोठ्या डिस्कवर घ्यावी, आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. मूळ साधन मूळ हस्तलिखितासारखे जपावे.

यश किती मिळेल हे रचनेवर अवलंबून असते. फॅट३२मध्ये नामलोप करताना निर्देशिकेतील नोंदीच्या पहिल्या बाइटवर ठरावीक खूण केली जाते, आणि खंडांची साखळी दाखविणारे कोष्टक मोकळे केले जाते. फाइल कोठून सुरू होत होती आणि तिची लांबी किती, ही माहिती नोंदीत बहुधा राहते. म्हणून सलग लिहिलेली फाइल परत मिळण्याची शक्यता चांगली असते. ईएक्सटी४मध्ये आयनोडमधील खंडांचे निर्देशही पुसले जातात, त्यामुळे नोंदीच्या आधारे शोध घेणे कठीण होते. अशा वेळी क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी रचलेला 'फोटोरेक' हा मुक्त कार्यक्रम उपयोगी पडतो. तो नोंदींवर विसंबत नाही. ध्वनी, चित्र, दस्तऐवज यांच्या आरंभीच्या ओळखीच्या खुणा शोधीत तो खंडामागून खंड वाचतो. मात्र मिळालेल्या फाइलींना मूळ नावे नसतात, आणि तुकड्या-तुकड्यांनी लिहिलेल्या फाइली अपुऱ्या मिळण्याचा संभव असतो. यावरून क्षेत्रकार्यातील एक जुनी सवय किती मोलाची आहे, हे दिसून येईल. ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभी गाव, दिनांक आणि मुद्रणक्रमांक यांचा उच्चार केलेला असेल, तर नाव हरवलेली फाइलही ऐकून ओळखता येते.

६. आशयनाशाची अडचण

जी गोष्ट येथे वर ठरते, तीच दुसऱ्या बाजूने धोका ठरते. निवेदक बोलीची उदाहरणे देता देता घरातील कर्ज, सावकाराचा तगादा, भाऊबंदकीचा दावा यांविषयीही बोलून जातो. संशोधकावरील विश्वासामुळे तो बोलतो. पुढे तोच पेनड्राइव्ह 'रिकामा' करून छपाईच्या दुकानात किंवा परिचिताच्या हाती दिला जातो. वर सांगितलेला पुनःप्राप्तीचा कार्यक्रम तेथेही चालू शकतो. साधनाचे शीघ्र 'फॉरमॅट' केल्यानेही नवी कोष्टके तेवढी लिहिली जातात. जुना आशय बव्हंशी तसाच राहतो. ईएक्सटी४वरील मालकीच्या नोंदीचाही येथे आधार नाही, कारण ती नोंद नावाची नसून क्रमांकाची असते. दुसऱ्या संगणकावरील १००० क्रमांकाचा वापरकर्ता तेथे मालकच ठरतो.

आशयावर निरर्थक अंक लिहून तो पुसणारी 'श्रेड' ही आज्ञा लिनक्समध्ये आहे. चुंबकीय हार्ड डिस्कवर ती बऱ्याच अंशी विश्वसनीय असली, तरी पेनड्राइव्हवर तिची भिस्त धरता येत नाही. पेनड्राइव्हमधील फ्लॅश स्मृतीच्या प्रत्येक पेशीला पुनर्लेखनाची मर्यादा असते. ही झीज सर्वत्र सारखी वाटली जावी म्हणून साधनातील नियंत्रक 'त्याच जागी लिही' या आज्ञेचे पालन पुष्कळदा निराळ्या पेशीत लिहून करतो, आणि जुनी पेशी काही काळ तशीच राहते. वापरकर्त्यास हे बाहेरून दिसत नाही.

म्हणून संवेदनशील सामग्रीसाठी पुसण्याचा उपाय शेवटी शोधण्यापेक्षा कूटलेखनाचा उपाय आरंभीच योजावा, हे उत्तम. 'लक्स' या नावाने परिचित असलेल्या पद्धतीने संपूर्ण साधन कूटबद्ध करता येते. मग साधनावर जे काही मागे राहते ते किल्लीवाचून निरर्थक असते. या पद्धतीची मर्यादा अशी की, असे साधन विंडोज प्रणालीत सहजपणे उघडत नाही. विभागातील सर्व संगणकांचा विचार करूनच तिचा स्वीकार करावा लागेल.

७. क्षेत्रकार्यासाठी काही नियम

वरील विवेचनातून काही साधे नियम निष्पन्न होतात. सामग्री संगणकावर उतरविल्यावर प्रतीची पडताळणी 'एसएचए२५६सम' या आज्ञेने मिळणाऱ्या सारांकाची तुलना करून करावी, आणि दुसरी प्रत निराळ्या साधनावर सिद्ध झाल्याशिवाय मूळ फाइल काढू नये. काढावयाची झाल्यास साधन जोडलेले असतानाच कचरापेटी रिकामी करावी, आणि 'डीएफ'ने मोकळ्या जागेची खात्री करून घ्यावी. साधन उपसण्यापूर्वी ते रीतसर विलग करावे. कारण लिहिलेला मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीतच थांबलेला असतो आणि विलग करताना तो साधनावर उतरतो. फॅट३२ रचनेत एका फाइलीची कमाल लांबी ४ गिगाबाइटच्या (१०२४ च्या पटीतील) किंचित आत असते. वर दिलेल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण सुमारे ४ तास ८ मिनिटांतच ही मर्यादा गाठते. एक्सफॅटला अशी व्यावहारिक अडचण नाही, आणि २०२० सालच्या ५.७ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात तिच्यासाठी पक्की व्यवस्था आहे. शेवटी, निवेदकांचे खाजगी बोलणे ज्या साधनावर एकदा आले, ते साधन कूटबद्ध नसल्यास विभागाबाहेर फिरवू नये.

अल्लीपूरच्या विद्यार्थ्याची अडचण सोडविण्यास एवढेच पुरेसे होते की, निघण्यापूर्वी त्याने पेनड्राइव्ह जोडलेला असताना कचरापेटी रिकामी करावी व 'डीएफ'चा आकडा पाहावा. गावात पोहोचल्यावरही जवळ लिनक्स संगणक असता, तर लपलेली निर्देशिका उघड करून, विभागातील प्रत पडताळलेली आहे याची खात्री पटल्यावर, त्याला दोन मिनिटांत जागा मोकळी करता आली असती. ज्याला स्थलांतर, नामलोप आणि आशयनाश यांतील भेद ठाऊक आहे, तो अशा प्रसंगी गोंधळून साधन 'फॉरमॅट' करणार नाही, आणि काम संपल्यावर रिकामे दिसणारे साधन निःशंकपणे दुसऱ्याच्या हातीही देणार नाही.